‘माहीत नाही’चा रकाना

“आधी बाजूले बांधा. मंग राहाले जा. मंग जुनं पाडा.”

रुग्णालयाच्या कॉम्प्युटरात काही बदल करून मागायला कोणी आलं की मॅडम हे म्हणायच्या. म्हणताना उजवा हात हवेत उभा धरून हळूहळू वर न्यायच्या, समोर खरोखरच भिंत चढते आहे अशा थाटात. मागणारा बहुधा घाईत असे. त्याला वाटे, बाईंना काम टाळायचं आहे. तो चिडून निघून जाई आणि आठवड्याभराने येऊन पाहतो तर त्याचं काम झालेलं असे, आणि कोणाचंच काही बिघडलेलं नसे. बदल कधी झाला तेही कुणाला कळलेलं नसे.

अशी माणसं तुम्हीही कुठेतरी पाहिली असतील. त्यांचं काम नीट चाललं असेल तर ती दिसतच नाहीत.

आमचं ट्रस्टचं रुग्णालय. यवतमाळ जिल्ह्यातलंच, नाव कशाला सांगू. मी तिथे नोंदणीच्या खिडकीवर होतो. पेशंट आला की नाव, गाव, वय, आजार मी कॉम्प्युटरात भरायचो, चिठ्ठी निघायची, आणि तीच माहिती वॉर्डात, औषधाच्या दुकानात, रक्त तपासणीत, हिशेबाच्या खोलीत सगळीकडे दिसायची. ही सगळी माहिती जिथे साठते ते कोठार सांभाळणं हे मॅडमचं काम. ज्या कंपनीने ते बांधून दिलं होतं ती कधीच बंद पडली होती. कोठार मात्र चालूच होतं, आणि वर्षागणिक त्याच्यात नवं काहीतरी मागणारे वाढत होते.

मॅडम दारव्ह्याकडच्या एका तांड्यावरच्या. नागपूरला शिकल्या, काही वर्षं पुण्याच्या कंपनीत होत्या. परत काहून आल्या, असं विचारलं की “आईले पुणं मानवलं नाही” एवढंच सांगायच्या. चाळिशीच्या, सडसडीत, केसांचा घट्ट अंबाडा. चहा बशीत ओतून प्यायच्या आणि बशी कीबोर्डपासून हातभर लांब ठेवायच्या. भिंतीची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. त्यांच्या बापाने तांड्यावर पक्कं घर बांधलं, तेव्हा जुनं खोपट पाडलं नाही. शेजारी भिंती उचलल्या, वर पत्रे पडले, चूल तिकडे पेटली, मग जुन्याला हात लावला. “पावसापाण्यात लेकरं उघड्यावर बसवून घर बांधते का कोनी?” त्या म्हणाल्या. “आपल्या इथं तर रोज पाऊस हाये भाऊ. पेशंट येनं बंद होते का?”

सुरुवातीला मलाही त्यांचं वागणं चेंगट वाटायचं. पण मुकुटबनच्या आजीचा किस्सा झाला आणि मत बदललं.

आजी शंभरी ओलांडलेली. नातवाने वय सांगितलं एकशे दोन. मी तेवढं टाकलं. आता आमच्या कोठारात वयाला जागा दोनच आकड्यांची. पुढचा एक गळाला आणि आजी दोन वर्षांची झाली. चिठ्ठी निघाली बालरुग्ण विभागाची. वॉर्डबॉयने चिठ्ठी पाहिली, आजीकडे पाहिलं नाही, आणि खुर्ची ढकलत नेली. पाळण्यांच्या मधोमध आजी बसलेली. तिथली सिस्टर धावत खिडकीवर आली. आजी मागून ओरडली, “राहू द्या वो! इथं दूध भेटून राह्यलं!”

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, “औषधाच्या चिठ्ठीवर डोस कोनाचा आला?” मग वय जिथे जिथे वापरलं जातं, तिथे तिथे त्या स्वतः जाऊन आल्या. औषधाच्या दुकानात, तपासणीत, एक्स-रेच्या खोलीत. दोनाचे तीन आकडे करायचे, एवढंच तर काम. पण त्याआधी त्या प्रत्येकाला विचारत होत्या, “तुमच्याकडं तिसऱ्या आकड्याले जागा हाये का?” एक्स-रेच्या खोलीत नव्हती. तिथलं आधी दुरुस्त केलं, मग आमचं. त्या म्हणाल्या, “एका रकान्यात हात घातला तं किती ठिकानी दुखते ते पाह्यलं पाह्यजे.”

मग ते फवारणीचं वर्ष आलं.

कापसाची वाईट वर्षं चालू होतीच. त्या साली पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. लोक दोन-दोन औषधं मिसळून फवारत होते, पाठीवर पंप, तोंडाला नुसता दुपट्टा. फवारा वर मारायचा आणि तो वाऱ्याने आपल्याच अंगावर यायचा. पोळा झाला आणि रुग्णालयात माणसं येऊ लागली. डोळ्यांना अंधारी, तोंडाला फेस, हातपाय थरथरणारे. जीपमधून, ऑटोतून, कोणी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये धरलेला.

आमच्या कोठारात विषबाधेला एकच आकडा होता. तो टाकला की चिठ्ठीवर आपोआप छापून यायचं, ‘विष प्राशन केले’. सोबत पोलिसांसाठीची सूचना निघायची, आणि वॉर्डात पोट धुण्याची तयारी सुरू व्हायची. ज्याने कोणी हे बांधलं त्याला विष पिणारेच माहीत होते. अंगातून, श्वासातून विष जातं, हे त्याच्या डोक्यात आलं नसावं.

मारेगावकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली. तिशीची असेल. चिठ्ठी तिने स्वतः वाचली, आणि खिडकीच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून ओरडली, “कायले लिहिलं हे? त्यायनं पेलं नाही! फवारून राह्यले होते!”

“बाई, कॉम्प्युटरात दुसरं येतच नाही,” मी म्हणालो.

“मंग तुमचा कॉम्प्युटर खोटं बोलते!”

शेजारी पोलीस शिपाई उभा होता. त्याचंही काम होतं. त्याने वही काढली आणि विचारलं, “घरी भांडण वगैरे झालं होतं का?” बाईच्या मागे तिचा दीर उभा होता. त्याने तो प्रश्न ऐकला, आणि चिठ्ठीही पाहिली.

वॉर्डात धावपळ होती. चिठ्ठीवर प्राशन लिहिलेलं, म्हणून नळीची तयारी झाली. औषधाने भिजलेला शर्ट अंगावर तसाच राहिला. मेडिसिनचे डॉक्टर आले, वाकले, वास घेतला आणि ओरडले, “शर्ट काढा आधी! आंघोळ घाला याला!” तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला. शर्ट आधी निघाला असता तर वाचला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. पण ते तावातावाने मॅडमच्या खोलीत आले.

“चिठ्ठीवर फवारणी छापून आलं पाहिजे. आजच्या आज.”

त्यांच्या मागोमाग अधीक्षक साहेबही आले. ते वाईट माणूस नव्हते. दाराबाहेर स्ट्रेचरवर माणसं पडलेली, बाहेर पत्रकार, वरून फोन. ते म्हणाले, “सोपं आहे मॅडम. ‘विष प्राशन’च्या जागी ‘फवारणीची विषबाधा’ असे शब्द टाका. आकडा तोच.”

“नाही जमत साहेब.”

“काहून?” साहेब वऱ्हाडीवर आले की समजायचं, पारा चढला.

“शब्द बदलले तं जुने सगळे पेशंट बी फवारनीचे होतात. ज्यायनं खरंच पेलं होतं, जे समुपदेशनाले येऊन राह्यले अजून, त्यायची चिठ्ठी उद्या म्हनल का तुम्ही फवारलं होतं. मंग त्यायच्याशी बोलनारं कोनी राहत नाही. एक खोटं काढाले दुसरं खोटं घालाचं का?”

“लोक दारात पडलेत, मॅडम!”

“दिसून राह्यले मले. नवा रकाना बाजूले टाकतो. उद्या सकाळी. तोवर चिठ्ठीवर हातानं लिहा.”

मॅडमनी नव्या रकान्याला तीन उत्तरं ठेवली. प्राशन, फवारणी, आणि माहीत नाही. जुना आकडा तसाच राहणार होता. माझ्या खिडकीवरून काही दिवस दोन्हीकडे नोंद होणार, वॉर्डं एकेक करून नव्याकडे पाहू लागणार, आणि सगळी वळली की जुना बंद. आदल्या दिवसाच्या कोठाराची एक नक्कल काढून त्यांनी त्यावर करून पाहिलं. चहा संपायच्या आत झालं.

सकाळी त्या माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. खोलीत बसूनही करता आलं असतं. पण त्यांना खिडकी पाहायची होती. बाहेर रांग व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेलेली. त्यांनी बाजूच्या कॉम्प्युटरवर आदेश दिला आणि मी पुढच्या पेशंटचं नाव टाकलं.

पडदा थांबला.

मी बटन दाबलं. काही नाही. परत दाबलं. शेजारच्या खिडकीवरची सहकारी म्हणाली, “माझंही अडकलं.” मग औषधाच्या दुकानातून माणूस आला, तपासणीतून फोन आला. सगळं रुग्णालय एकदम गोठलं होतं. बाहेर कोणीतरी ओरडू लागलं, आणि रांग जाळीवर रेटली गेली.

मी मागे पाहिलं. मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

“सोडून द्या मॅडम,” मी म्हणालो. “मागं घ्या.”

“थांबा.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काल झालं होतं. आज काहून नाही? कालच्या नकलेत मानसं नव्हती. आज हायेत. कोनीतरी आत हाये. दार अडवून उभं हाये कोनी.”

तेवढ्यात रांग दुभंगली आणि दोघांनी एका तरुणाला हातापायाला धरून आणलं. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी कोऱ्या कागदावर ‘फवारणी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि कागद त्यांच्या हातात कोंबला. “पळा! आधी कपडे काढायला सांगा!”

मॅडम पडद्यावर यादी पाहत होत्या, कोण कोण कोठारात आहे त्याची. एका ओळीवर बोट टेकलं. हिशेबाची खोली. कोणीतरी वर्षाचा अहवाल सकाळी उघडला होता आणि तसाच सोडला होता. तो अहवाल पेशंटच्या नोंदींचा अख्खा तक्ता धरून बसला होता, मॅडमचा बदल त्याच्यामागे, आणि आम्ही सगळे मॅडमच्या मागे. एका माणसाने दारात पाय टाकून ठेवला की मागच्यांना ढकलून उपयोग नसतो.

त्या पळाल्या. मी त्यांना पळताना कधी पाहिलं नव्हतं. साडीचा पदर खोचलेला, एक चप्पल वाटेतच निघाली. हिशेबाच्या खोलीत कोणी नव्हतं, कारकून चहाला गेलेला. त्यांनी तो अहवाल बंद केला.

माझा पडदा हलला. एका दमात सगळी अडकलेली नावं सरसर पुढे गेली. पुढच्या पेशंटच्या वेळी जुन्या रकान्याशेजारी नवा रकाना उभा होता, तीन उत्तरांसह.

मॅडम परत आल्या, एक पाय अनवाणी. अधीक्षक साहेब खिडकीशी येऊन उभे होते. त्या त्यांना म्हणाल्या, “माझी चूक झाली साहेब. आत कोन हाये हे पाहून हात लावाले पाह्यजे होता.” त्या खोलीत गेल्या. नंतर मी चहा घेऊन गेलो तेव्हा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

“तो पोरगा?” त्यांनी विचारलं.

“आहे. शुद्धीवर आला.”

मग त्यांनी चहा बशीत ओतला.

खरं भांडण पुढे झालं. वरून अहवाल मागितला गेला, या हंगामात फवारणीचे किती, प्राशनाचे किती. नव्या नोंदी ठीक होत्या. जुन्या सगळ्यांपुढे मॅडमनी ‘माहीत नाही’ ठेवलं होतं. साहेबांना ते पटेना.

“असा अहवाल कसा पाठवू? रुग्णालयालाच माहीत नाही, असं लिहू? जुन्या चिठ्ठीवर प्राशन आहे ना? मग प्राशन टाका सगळ्यांना.”

“टाकता येते साहेब. एका आदेशात होते. म्हनूनच भेव वाटते.”

“कशाचं?”

“तेव्हा विचारलंच नव्हतं आपन. दुसरं उत्तर द्यायले जागा नव्हती तं पेशंटनं काय सांगितलं म्हनाचं? माहीत नाही हे बी उत्तरच हाये. ते रिकामं दिसते, खोटं नसते.”

साहेबांनी अहवाल तसाच पाठवला, पण मॅडमशी बोलणं कमी केलं. मॅडमची नोकरी कंत्राटी होती, दर वर्षी सही लागायची. त्यांच्या खोलीपुढून जाताना लोक आवाज खाली घेऊ लागले.

दिवाळीनंतर मारेगावची ती बाई परत आली. सोबत शेजारच्या शेतातला एक म्हातारा. खिडकीशी येऊन उभी राहिली. मी ओळखलं आणि तिला मॅडमकडे नेलं.

“ताई, तुमच्या कॉम्प्युटरात माह्या मालकाचं काय लिहिलं हाये?”

मॅडमनी काढून दाखवलं. जुन्या रकान्यात ‘विष प्राशन केले’, नव्यात ‘माहीत नाही’.

“पुसून टाका ना ताई ते.” तिचा आवाज चढला नाही. “सासू बोलत नाही माह्याशी. ताट सरकवते, बोलत नाही. म्हनते, तुनं भांडन केलं म्हनून माह्या पोरानं विष घेतलं, दवाखान्याच्या कागदावर लिहून हाये. दीर बी तेच म्हनते. भांडन झालं होतं आदल्या दिवशी, खोटं कायले सांगू? पन त्यायनं पेलं नाही.”

म्हातारा म्हणाला, “मी पानी देत होतो त्याले. पंप गळून राह्यला होता त्याचा. पाठ ओली झालती. मी म्हनलं, जा ना घरी. म्हने, येवढी एक तास, येवढी ओळ होऊ दे.”

मॅडमनी पडद्यावरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता त्या पुसतील. कोणीही पुसलं असतं.

“पुसत नाही बाई,” त्या म्हणाल्या. “तेव्हा आपन काय लिहिलं ते राहीन. पन त्याच्या बाजूले आज काय कळलं ते लिहू. कोनी सांगितलं, कधी सांगितलं, सगळं. आनि ते मी नाही लिहायचं. डॉक्टर लिहितीन.”

“पुसलं नाही तं सासू मानन का?”

“पुसलं तं म्हनन, दवाखान्यात रडून बदलून आनलं. दोन्ही दिसलं पाह्यजे तिले.”

बाईला ते आवडलं नाही. तिने तोंड फिरवलं. पण मॅडम उठल्या आणि तिला, म्हाताऱ्याला घेऊन मेडिसिनच्या त्याच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारलं. मग खुर्चीला मागे टेकले आणि म्हणाले, “वास शर्टाला होता. तोंडाला नव्हता. मला आठवतं.” जुनी नोंद पुसायची म्हटली असती तर त्यांनी हात वर केले असते, पोलिसांचं प्रकरण होतं. पण जे स्वतः पाहिलं ते आजच्या तारखेने नोंदवायला ते तयार झाले. अधीक्षक साहेबांची सही लागत होती. मॅडम कागद घेऊन गेल्या तेव्हा मी दाराबाहेर होतो. आत कागद उलटसुलट केल्याचा आवाज आला. मग पेनाचं टोपण उघडल्याचा.

बाई कागद पदरात गुंडाळून घेऊन गेली. वर जुनी ओळ, खाली नवी. जाताना मॅडमशी ती बोलली नाही.

उन्हाळ्यात नवीन कंपनी आली. सगळं नवं, चकचकीत. कंपनीचा माणूस बैठकीत म्हणाला, आमच्याकडे प्राशन किंवा फवारणी, दोनच पर्याय. तिसऱ्याने अहवालात घोळ होतो. मॅडमनी काही महिने जुनं-नवं शेजारी चालवू द्या असं मागितलं, ते मिळालं नाही. मॅडमच्या कंत्राटावर सही होणार नाही, हे तोवर सगळ्यांना कळलं होतं, त्यांनाही. त्या बैठकीत त्या काही बोलायच्या आत अधीक्षक साहेबच कंपनीच्या माणसाला म्हणाले, “तिसरा पर्याय राहील. नाहीतर तुमचं बिल थांबेल.” मॅडमनी मान खाली घातली आणि वहीत काहीतरी लिहीत राहिल्या.

शेवटच्या दिवशी सत्कार वगैरे झाला नाही. त्या दुपारी दारव्ह्याची जीप धरून गेल्या. नंतर कळलं, आईला घेऊन हैदराबादला गेल्या, तिथे काम मिळालं.

पुढच्या थंडीत ती मारेगावची बाई पुन्हा खिडकीवर दिसली. हातात कापडी पिशवी. मी दचकलो. कोणी आजारी आहे का, विचारलं.

“नाही, भाऊ. त्या ताई कुठं हायेत?”

“गेल्या. इथं नसतात आता.”

तिने पिशवी जाळीशी टेकवली. मग म्हणाली, “दिरानं वाचून दाखवला होता कागद. दोन्ही ओळी. सासूनं पुन्हा पुन्हा वाचाले लावला. मंग काहीच बोलली नाही. लय दिवस गेले. परवा मी कापूस वेचून आली, तं चुलीपाशी बसली होती. म्हने, जेवली का तू?”

एवढं बोलून तिने पिशवी खिडकीच्या फटीतून आत सरकवली. तुरीच्या हिरव्या शेंगा होत्या. “भेटल्या तं द्या त्यायले,” म्हणाली, आणि जीप सुटेल म्हणून घाईने गेली.

हैदराबादला शेंगा कशा पाठवणार? संध्याकाळी मी त्या घरी नेल्या. बायकोने मीठ घालून उकडल्या, परात मध्ये ठेवली आणि विचारलं, “कोनी देल्या?” मी सांगायला बसलो. सांगून झालं तेव्हा शेंगा थंड झाल्या होत्या, आणि दोघांनीही एकसुद्धा सोलली नव्हती.